फ्रीजवर चाललं, डब्यावर चालेना

न्यूझीलंडमधल्या टौरंगाला आल्यावर पहिले काही आठवडे मी जमिनीवर नव्हतेच. आमचं ऑफिस औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होतं. खाली टायर बदलून देणारं दुकान, वर आम्ही दोघं, मी आणि माझा बॉस. बॉस हाफ पँट आणि जँडल्सवर यायचा. जँडल्स म्हणजे आपल्या साध्या रबरी सपाता. पुण्यात ज्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली तिथे स्क्रीनवरचं एक बटण निळ्याचं हिरवं करायचं म्हटलं तरी चार जणांची मंजुरी लागायची आणि त्यातला एक कायम रजेवर असायचा. इथे पहिल्याच सकाळी बॉसने चहाचा मग माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तुला काय वाटतं, आपण हे कसं करावं?" मी मागे वळून पाहिलं. तो कोणाला विचारतोय तेच मला कळेना.

मलाच विचारत होता. ते एकदा डोक्यात शिरल्यावर मी जी सुटले ती सुटलेच.

आमचं काम किवीच्या फळांचं. बागेतून फळ पॅकहाउसमध्ये येतं, पट्ट्यावरच्या कपात बसून पळतं, वरचा कॅमेरा त्याचा फोटो काढतो आणि आमचा प्रोग्रॅम सांगतो की हे मोठं, हे लहान, ह्याला डाग, हे परदेशी पाठवा, हे ज्यूसला. तेवढ्यात कप कलतो आणि फळ आपापल्या खोक्याकडे घरंगळतं. अडचण अशी की प्रत्येक पॅकहाउसची मशीनं निराळी. कुणाकडे नवी कोरी, कुणाकडे देवाच्या भरवशावर चाललेली. बॉस बिचारा प्रत्येकासाठी प्रोग्रॅमची वेगळी आवृत्ती बांधत बसायचा. एकीत चूक सुधारली की दुसरीत सुधारायची राहून जायची.

मी म्हटलं, कशाला हा खटाटोप? वेबअसेम्ब्ली वापरू. प्रोग्रॅम एकदाच बांधायचा, कुठल्याच मशीनच्या बाजूचा नाही अशा रूपात. मग प्रत्येक मशीनवर रनटाइम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो आपल्या प्रोग्रॅमचं त्या मशीनच्या भाषेत भाषांतर करतो आणि चालवतो. मशीन नवं असो की जुनं, आपल्याला काय त्याचं!

बॉसचे डोळे चमकले. "सगळीकडे चालेल?"

"होऊन जाईल," मी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, पण मनातलं अस्सल पुणेरी ऑफिसातलंच होतं. ह्या दोन शब्दांवर आपल्याकडच्या अर्ध्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कारकीर्द उभी आहे. समोरच्याने काय विचारलं ते पुरतं ऐकण्याच्या आधी आपण हे म्हणून मोकळे होतो. पुण्यात मात्र असं म्हटल्यावर पलीकडून कुणीतरी खवट माणूस विचारतो, "ते ठीक आहे, पण तपासलंय का?" इथे बॉस खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "शी'ल बी राइट."

हे किवी लोकांचं, म्हणजे इथल्या माणसांचं, होऊन जाईल! तेच समाधान, तोच हात झटकण्याचा आविर्भाव. दोन देशांतले दोन आशावादी एका गाळ्यात भेटले आणि तपासायला कुणी उरलंच नाही.

माझी नोकरी अजून ट्रायलवर होती. नवरा आणि लेक पुण्यातच होते. दोघांचे व्हिसा आले होते, बॅगा भरून दिवाणाखाली पडल्या होत्या. पण माझा नवरा म्हणजे जिना उतरून खाली आल्यावर गॅसचा नॉब बंद केला का ते बघायला परत वर जाणारा माणूस. त्याने ठरवून टाकलं होतं की माझी ट्रायल नीट पार पडली की मगच तो राजीनामा देणार. "परक्या मुलुखात दोघंही बिननोकरीचे आणि बरोबर पोर, हा वेडेपणा मी करणार नाही," असं तो म्हणाला होता, आणि त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. माझी नोकरी टिकली तर ते येणार होते. नाही टिकली तर मीच परत जाणार होते. लेक रोज फोनवर विचारायची, "आई, तुझी परीक्षा कधी संपणार?"

मी मात्र परीक्षा पास झाल्यासारखीच हिंडत होते. प्रोग्रॅम बांधून झाला आणि मी तो दिसेल त्या गोष्टीवर चालवायला लागले. माझ्या लॅपटॉपवर चालला. बॉसच्या लॅपटॉपवर चालला. माझ्या फोनवर, बॉसच्या बायकोच्या टॅब्लेटवर, लायब्ररीतल्या कम्प्युटरवर ब्राउझर उघडून, सगळीकडे चालला. चालला की मी टाळी वाजवायची. लायब्ररीत लोकांनी वळून बघितलं. शनिवारी बसने ऑकलंडला गेले, तिथल्या हेन्डरसन भागात पुण्याची एक जुनी मैत्रीण राहते तिच्याकडे. तिच्या नव्या फ्रीजच्या दाराला स्क्रीन होता आणि स्क्रीनवर ब्राउझर. मग काय! ती भजी तळतेय आणि मी फ्रीजपुढे उभी राहून ओरडतेय, "अगं चाललं! फ्रीजवर किवी मोजतोय!"

"ह्या फ्रीजला आतली कोथिंबीर सडलेली कळत नाही," ती म्हणाली, "आणि तू त्याला परीक्षक करतेस. भजी खा."

मी फ्रीजबरोबर सेल्फी काढून नवऱ्याला पाठवला. त्याने उत्तरात विचारलं, "पण पॅकहाउसमध्ये चालवून बघितलंस का?" मी त्याला जीभ बाहेर काढलेला चेहरा पाठवला.

पॅकहाउसला आम्ही गेलो तेव्हा हंगाम तोंडावर आला होता. आमचं हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथल्या मॅनेजरबाई माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतल्या, आवाज असा की फोर्कलिफ्टचा भोंगा त्यापुढे शरमावा. "किया ओरा!" त्यांनी लांबूनच ओरडून नमस्कार केला. "तूच ना ती, फ्रीजवाली?" म्हणजे बॉसने सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी फुशारले. डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि पट्ट्याकडे गेले.

पट्ट्याच्या टोकाला लोखंडी पत्र्याचा एक करडा डबा बसवला होता. कपांना कलायचं की नाही हे हा डबा सांगायचा. त्याच्यावर कुणीतरी मार्करने लिहिलं होतं, हात लावू नका. मी लावला. रनटाइम चढवला, प्रोग्रॅम चढवला, एन्टर दाबलं आणि सवयीने टाळी वाजवायला हात वर केले.

स्क्रीनवर एक ओळ आली. ह्या मशीनसाठी सोय नाही.

मी परत दाबलं. परत तेच. वायर काढून लावली. तेच. "मेल्या!" मी डब्याला म्हणाले, आणि शेजारच्या रिकाम्या खोक्याला लाथ घातली. बूट स्टीलच्या टोकाचे होते म्हणून पाय वाचला. खोकं मात्र घसरत गेलं आणि मॅनेजरबाईंनी ते पायाने अडवलं. डब्यातली चिप जुन्या घराण्यातली, बत्तीस बिटांची. आमच्या रनटाइमला तिची भाषाच येत नव्हती. जगातलं एकच मशीन असं होतं जिथे तो प्रोग्रॅम चालायलाच हवा होता, आणि नेमकं तेवढं सोडून मी फ्रीजसकट सगळ्यांना विचारून आले होते.

"नवा डबा घेऊ या की," मी म्हटलं. मॅनेजरबाईंनी मान हलवली. कप हलवणारी सर्किटची कार्डं फक्त ह्याच डब्यात बसतात, डबा बनवणारी कंपनी कधीच बुडाली, आणि डबा बदलायचा तर सगळा पट्टा बदलायला हवा. ते हंगामाआधी शक्य नव्हतं. "नाही जमलं तर मी आपलं जुनंच चालवीन," त्या म्हणाल्या. "नो हार्ड फीलिंग्ज, डिअर."

परतताना बॉसने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "मला तुझं काम आवडतं. खरंच. पण ह्यांनी आपल्याला सोडलं तर दोघांचा पगार निघेल एवढं काम माझ्याकडे उरत नाही. मग तुला ठेवणं मला जमणार नाही. हे तुला आत्ताच सांगायला हवं." त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा राग येईना, म्हणून मी रस्त्यावरच्या गाड्यांवर रागावले. टौरंगात त्यांची कमी नाही.

दुपारी घरी फोन लावला. पुण्यात सकाळ, लेक शाळेला निघायच्या गडबडीत, नवरा तिच्या केसांशी झटापट करत होता. मी म्हटलं, "चालत नाहीये रे," आणि रडायलाच लागले. नाक लाल, डोक्यावर अजून जाळीची टोपी. नवऱ्याने कंगवा खाली ठेवला. "जेवलीस का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, जेवणाचं काय घेऊन बसलास. "मग आधी जेव," तो म्हणाला. आणि त्याने कंगवा परत उचलला.

जेवायला म्हणून कुकर लावला. ह्या कुकरची पण एक कथाच आहे. पुण्याहून येताना मी चांगला अल्युमिनियमचा कुकर कपड्यांत गुंडाळून आणला होता, आणि भाड्याच्या घरात निघाली इंडक्शनची शेगडी. अल्युमिनियम म्हटलं की ती नुसती पीं पीं करते, तापत नाही. नवा कुकर घेणं माझ्या तत्त्वात बसेना. मग मी शेगडीवर लोखंडी तवा ठेवायची आणि तव्यावर कुकर. तवा तापतो, तवा कुकरला तापवतो. शिट्टी व्हायला युग लागतं, पण होते.

शिट्टीची वाट बघत मी रनटाइमच्या साइटवरचं ते पान नीट वाचायला घेतलं जे खरं तर पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं. कुठली मशीनं चालतात त्याचं पान. आपल्या लग्नाच्या पंगती असतात ना, तसंच होतं ते. पहिल्या पंगतीत मानाची मशीनं, त्यांना सगळं गरमागरम, रोज कुणीतरी तपासणार. दुसऱ्या पंगतीत बरी मशीनं, चालतात, पण फार अपेक्षा ठेवू नका. तिसऱ्या पंगतीत जे उरलंय ते घ्या. मी वरच्या पंगतीतली नावं बघून पान मिटलं होतं. आमचा डबा सगळ्यात खाली, मांडवाच्या दारात उभा होता. भाषांतराची सोय त्याच्यासाठी नव्हती. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की भाषांतर न करता एकेक सूचना वाचून तशीच पार पाडायची, असाही एक मार्ग आहे. तो हळू चालतो. पण कुठल्याही मशीनवर चालतो.

"अगं बाई, हा तर तवा!" मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. भात तसाच टाकून ऑफिसला पळाले. भाताचं पुढे काय झालं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी डब्यावर प्रोग्रॅम चालला. मी आणि बॉसने एकमेकांना मिठी मारली, मग मॅनेजरबाईंनी पट्टा सुरू केला आणि आम्ही मिठी सोडली. प्रोग्रॅम चालत होता, पण काय चालत होता! फळ कॅमेऱ्याखालून जायचं, पट्ट्याच्या टोकाला पोचायचं, खाली पडायचं, आणि मग डबा सावकाश सांगायचा की ते मघाचं होतं ना, ते लहान होतं. ज्यूसची फळं परदेशाला निघाली. मॅनेजरबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मग मी प्रोग्रॅम उघडला आणि त्यात काय काय भरलंय ते पहिल्यांदाच परक्या माणसाच्या नजरेने पाहिलं. पुण्याच्या सगळ्या सवयी तिथे नांदत होत्या. प्रत्येक फळ तपासल्यावर ते तपासल्याची नोंद. नोंद झाल्याची नोंद. पुढे कुणी विचारलं तर असावा म्हणून एक अहवाल. फळाच्या सौंदर्याला गुणसुद्धा देत होते मी, कुणी मागितले नसताना. चार वरिष्ठांना तोंड द्यायची तयारी करून ठेवली होती आणि इथे वरिष्ठ म्हणजे जँडल्स घातलेला एक माणूस.

कापायला सुरुवात केली. काय मजा आली म्हणून सांगू! अहवाल गेला. नोंदी गेल्या. सौंदर्य गेलं, त्याचं क्षणभर वाईट वाटलं. मी कापत होते आणि गात होते, खाली टायरवाल्यांनी रेडिओ बंद करून वर बघितलं. बॉस म्हणाला, "डिलीट हीप्स," आणि मी ढीगभर उडवलं. शेवटी उरलं एवढंच की फळ केवढं आहे, डाग आहे का, कुठे टाकायचं.

आता डबा जवळपास वेळेत उत्तर द्यायला लागला. जवळपास. थोडा वेळ चालला की तापायचा आणि तापला की सुस्तावायचा. हे मात्र बॉसने सोडवलं. त्याने घरातला टेबलफॅन आणला आणि कुंपणाच्या तारेने डब्याच्या डोक्यावर असा बांधला की तो थेट त्याच्या अंगावर वारा घालील. इथल्या माणसांचा तारेवर फार जीव. पिळा घालून झाल्यावर त्याने डब्याला थोपटलं आणि म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. मी पहिल्यांदाच त्याला विचारलं, "पण तपासलंय का?" आम्ही दुपारभर तपासलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी पॅकहाउसमध्ये सगळे गोल करून उभे राहिले. एक वयस्कर गृहस्थ माओरीत प्रार्थना म्हणाले, सगळ्यांचं काम सुखरूप पार पडो म्हणून. ती ते दरवर्षी करतात. मला राहवेना. मीही पर्समध्ये हळदकुंकू आणि नारळ घेऊन गेले होते. यंत्र सुरू होतंय आणि त्याला कुंकू नाही, हे मला बघवणार नव्हतं. मॅनेजरबाईंनी कुंकू लावू दिलं, तेही डब्याच्या पाठीला. नारळाला मात्र साफ नाही. अन्नाच्या जागेत फोडाफोड चालणार नाही. मग आम्ही सगळी वरात पार्किंगमध्ये नेली आणि मी काँक्रीटवर नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात पाणी बॉसच्या जँडल्सवर उडालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॉफी, केक आणि खोबऱ्याचे तुकडे असा सगळ्यांचा नाश्ता झाला आणि पट्टा सुरू झाला.

पहिलं फळ आलं. कप कलला. फळ बरोबर खोक्यात पडलं. दुसरं, तिसरं, मग धोधो फळं, आणि कप टपाटप कलताहेत, मोठी इकडे, लहान तिकडे, डागाळलेली ज्यूसला. टेबलफॅन घरघरतोय, डब्याच्या पाठीवर कुंकू, आणि डबा वेळेत उत्तर देतोय! मॅनेजरबाईंनी खोक्यातली मूठभर फळं उचलून निरखली, परत टाकली आणि बॉसला म्हणाल्या, "ठेवते मी हे. सगळ्या पट्ट्यांवर घालून द्या." बॉसने दोन्ही हात वर केले. मी दोन्ही हात वर केले. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू राहतेयस. ट्रायलबियल विसर."

मी दुपारची वाटसुद्धा बघितली नाही. पुण्यात उजाडायचं होतं, तरी फोन लावला. नवऱ्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"चाललं!" मी पट्ट्याच्या आवाजावर ओरडले. "अरे, डब्यावर चाललं! नोकरी पक्की! आता तू राजीनामा दे!"

तिकडून दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"दिलाय," तो म्हणाला.

"कधी?"

"तू रडत होतीस ना, त्याच दिवशी. वेणी घालून हिला शाळेत सोडलं आणि ऑफिसला जाऊन दिला. तिकिटं पण काढलीत. तुला सांगितलं नाही. म्हटलं, आणखी टेन्शन नको."

माझं डोकंच फिरलं. "वेड लागलंय का तुला? चालत नाही म्हणून सांगितलं आणि तू राजीनामा दिलास? नसतं चाललं तर?"

"चाललं असतं तर तू तिथे नाचली असतीस," तो म्हणाला. "ते मी फोनवर बघितलं असतं, चाललं असतं मला. पण नसतं चाललं तर तू रडली असतीस. ते परत फोनवर बघणं मला जमणार नव्हतं."

तिथेच एका उलट्या खोक्यावर बसले, टोपीची जाळी डोळ्यांवर ओढली आणि हमसून हमसून रडायला लागले. मॅनेजरबाई धावत आल्या. मशीन बिघडलं असं त्यांना वाटलं. पट्टा तर व्यवस्थित चालू होता. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि आपल्या त्या भोंग्यासारख्या आवाजात विचारलं, "ह्या पोरीला काय झालंय?"

माझा नवरा इंग्रजी बोलताना नेहमी आधी मनात वाक्य जुळवतो. ह्या वेळी त्याने जुळवलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "आम्ही येतोय."